चुलीजवळचा धडा फोनच्या पडद्यावर कसा आला

सध्या बचत गटाच्या बैठकांमधून आमच्याकडे एकाच धाटणीचे प्रश्न येतात. लेक गृहविज्ञान शिकते, आहारशास्त्राचा पेपर आहे, पण अभ्यास सगळा फोनवर. धडा फोनवर, प्रश्न फोनवर, मार्कही फोनवरच. मग ती स्वयंपाकघरात कधी येणार? आणि हे फोनवरचे धडे बनवतं कोण? बाजरीत एवढं लोह, नाचणीत एवढं कॅल्शियम, हे आकडे त्यांना सांगितले कोणी?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं एका दमात देता येत नाहीत, कारण ही गोष्ट फोनच्या कितीतरी आधी सुरू होते. आजच्या भागात ती सांगायचं आम्ही ठरवलं आहे. थोडी लांब आहे, हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवा आणि ऐका.

सुरुवात होते निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूर गावी. १९१८ साली तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी एका छोट्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. त्यांचा विषय होता बेरीबेरी. हातापायातली ताकद जाणं, अंगावर सूज येणं, हृदय दमणं असा हा आजार. गिरणीत पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ हेच ज्यांचं मुख्य अन्न, त्यांना तो व्हायचा. हातसडीच्या तांदळावर जे लालसर आवरण राहतं, त्यातच या आजारावरचा उपाय असतो आणि गिरणी नेमकं तेच काढून टाकते. आपल्या आज्या उखळात तांदूळ सडायच्या, तेव्हा त्यांना जीवनसत्त्व ब-१ हे नाव माहीत नव्हतं, पण ते पोटात मात्र जात होतं.

मॅकॅरिसन यांनी पुढे एक प्रयोग केला, तो आपल्या कामाचा आहे. त्यांनी पांढऱ्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला देशातल्या एकेका भागातलं जेवण दिलं. एका गटाला शिखांचं, एकाला पठाणांचं, एकाला मराठ्यांचं, असंच गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी जेवण. सगळ्यांत धष्टपुष्ट झाले ते शिखांच्या जेवणावरचे उंदीर. कोंड्यासकट गव्हाची रोटी, दूध, लोणी, डाळ, भाजी असं ते जेवण. मराठी जेवणाचा नंबर तिसरा लागला. सगळ्यांत शेवटी राहिलं ते पांढऱ्या भातावरचं मद्रासी जेवण. आता हा प्रयोग काही एका जातीच्या किंवा प्रांताच्या मोठेपणाचा दाखला नव्हे, तसा तो कोणी सांगितला तर मानू नका. त्यात दिसलं ते एवढंच, की ताटात धान्य कसं आहे, त्याच्या जोडीला दूध-डाळ-भाजी आहे की नाही, यावर अंगाची वाढ ठरते.

या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली एक पुस्तिका निघाली. भारतीय अन्नपदार्थांचं पोषणमूल्य आणि चांगल्या आहाराची आखणी, हा तिचा विषय. त्या वेळी डॉ. ॲक्रॉइड तिथले प्रमुख होते. पुस्तिकेत तक्ते होते. १०० ग्रॅम ज्वारीत किती प्रथिनं, १०० ग्रॅम मेथीत किती लोह, असे रकाने. पुढे प्रयोगशाळा हैदराबादला गेली, १९६९ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं, आणि १९७१ मध्ये डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तक्ते वाढवून मोठं पुस्तक केलं. आपल्याकडे आहारशास्त्र शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा, 'गोपालन' म्हटलं की तिला ते पुस्तकच आठवतं.

हे तक्ते आम्ही इतक्या आधी का सांगतो आहोत? कारण आज तुमच्या लेकीच्या फोनमधलं आहाराचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, त्याच्या पोटात असाच एक तक्ता बसलेला असतो. चित्रं बदलली, आवाज आला, रंग आले, पण पाया तोच.

आता दुसरा धागा, शिकवणाऱ्या बायांचा. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. मुलींच्या शिक्षणाचा विचार करायला देशभरातून बाया जमल्या होत्या. याच परिषदेच्या खटपटीतून १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं, गृहविज्ञान शिकवणारं. पुढे बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांच्या काळात तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. मुंबई-पुण्याला एसएनडीटीची गृहविज्ञान महाविद्यालयं आली, मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठात आलं. 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला लागतं?' हा टोमणा या बायांनी खूप ऐकला. त्या शिकवत होत्या ते रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि हिशेब. पण विषय चुलीजवळचा होता, म्हणून त्याची किंमत कमी धरली गेली. आजही थोडीफार धरली जाते.

कॉलेजात मोजक्याच मुली पोहोचत होत्या. गावोगावच्या बायांचं काय? इथे आपला रेडिओ येतो, आणि या भागावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण तो आपल्या अंगणातला आहे.

१९५६ च्या फेब्रुवारीत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या ५ जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात एक श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतली होती, पैशाला युनेस्कोचा हात होता. पण खरी गंमत पुढेच आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बसून चर्चा करायची. प्रश्न निघाले की ते लिहून पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याचा अभ्यास केला, पॉल न्यूरथ या अभ्यासकांच्या देखरेखीखाली. श्रोतामंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओच नाही अशी गावं, या तिन्हींची तुलना झाली. जिथे ऐकून चर्चा झाली तिथल्या लोकांची माहिती भराभर वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या पुष्कळ मागे राहिली. यंत्र तेच, आवाज तोच, मग फरक कशाने पडला? कार्यक्रम संपल्यावर माणसं एकमेकांशी बोलली म्हणून.

फक्त एक गोष्ट. त्या मंडळांत बहुतेक पुरुषच होते. शेती, जनावरं, आरोग्य, सगळ्या विषयांवर चर्चा झाली, ती पारावर. ताट वाढणारी बाई घरात होती. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, त्या काळात तसंच होतं. पण पोषणाचा धडा ज्या हातांपर्यंत जायला हवा होता, तिथवर तो त्या खेपेला गेला नाही.

यानंतर आला टीव्ही, आणि तो आला थेट आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, असं एक वर्ष, अमेरिकेचा एक उपग्रह भारताने वापरायला घेतला. प्रयोगाचं नाव 'साइट'. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या ६ राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही बसवले. महाराष्ट्र त्यात नव्हता. उपग्रहाचा संदेश पकडायला छपरावर जी मोठी तबकडी लावली होती, ती होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. अहमदाबादला यशपाल यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी हे काम केलं. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि पोषण. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आपली अंगणवाडी ती हीच. एकीकडे पडद्यावर पोषणाचा धडा आणि दुसरीकडे गावात खाऊ देणारी सेविका, दोन्ही एकाच वर्षातले.

साइटच्या अभ्यासात एक गोष्ट दिसली. आरोग्याच्या बाबतीत पुरुषांपेक्षा बायांच्या माहितीत जास्त भर पडली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनाही चांगला फायदा झाला. आम्हाला यात नवल वाटत नाही. पुस्तक ज्यांच्यासाठी बंद होतं, त्यांच्यासमोर चित्र आणि आवाज आला, तर तो त्या दोन्ही हातांनी घेणारच. पण वर्ष सरलं, उपग्रह ज्यांचा होता त्यांच्याकडे परत गेला आणि बहुतेक गावांतले टीव्ही मुके झाले.

मग एकेक पायरी येत गेली. १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजच्या मुलांसाठीचे कार्यक्रम सुरू झाले. १९८५ ला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं, आणि त्याने सुरुवातीच्याच काळात, १९८८ मध्ये, आहार आणि पोषणाचा ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. घरी बसून शिकायचा. छापील पाठ, जोडीला ध्वनिफिती आणि चित्रफिती. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायांना हा अभ्यासक्रम सोयीचा होता. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि मराठीतून, घरून शिकायची वाट आपल्याकडेही उघडली.

१९९६ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात उपग्रहाचा आणखी एक प्रयोग झाला. योगायोग बघा, इथेही गावं १५०च. फरक असा की तालुक्याच्या ठिकाणी अशी १२ केंद्रं होती जिथून लोक उलट प्रश्न विचारू शकत होते. पडद्यावरचा माणूस त्यांचं ऐकून उत्तर द्यायचा. पुण्याच्या श्रोतामंडळाने पोस्टकार्डाने जे केलं, तेच ४० वर्षांनी उपग्रहाने केलं, असं म्हणायला हरकत नाही. २० सप्टेंबर २००४ ला तर फक्त शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' उपग्रहच सोडला गेला.

इकडे कॉम्प्युटर खेड्यात शिरत होता. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी कॉम्प्युटरचं बटण पहिल्यांदा दाबलं ते एमएससीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्यानंतर तालुक्या-बाजारगावांत ही केंद्रं निघाली. तिथे शिकवायला सॉफ्टवेअरच होतं. आधी ते दाखवणार, मग तुम्ही करायचं, चुकलात तर ते सांगणार. 'ई-लर्निंग' हा शब्द आपल्या कानावर आला तो तिथूनच.

आता मूळ प्रश्न. आहारशास्त्राचं सॉफ्टवेअर बनतं कसं?

भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००६ ते २०१४ या काळात राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्प राबवला. त्यात शेती, पशुवैद्यक, दुग्धशास्त्र वगैरे पदव्यांचे पाठ कॉम्प्युटरवर आणले गेले. गृहविज्ञानाची पदवीही त्यात होती. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'ई-पीजी पाठशाला' केली, तिथेही आहार आणि पोषण हा विषय आहे. २०१७ ला 'स्वयम' आलं. या सगळ्यांत धड्याची रचना साधारण एकाच पठडीची. वाचायचा मजकूर, तज्ज्ञांची चित्रफीत, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि जास्तीचं वाचन.

असा धडा एकटी बाई बनवत नाही. विषयाच्या प्राध्यापिका मजकूर लिहितात. मग एक जण त्याचे तुकडे पाडते, कुठल्या वाक्याला कुठलं चित्र हे कागदावर आखते. चित्रकार येतो, आवाज देणारी येते, प्रोग्रॅम लिहिणारा येतो. नंतर दुसऱ्या तज्ज्ञ बाई सगळं तपासतात. पाककृतीच्या पुस्तकात 'चवीपुरतं मीठ' चालतं. सॉफ्टवेअरला ते चालत नाही, त्याला नेमका आकडा लागतो. आणि खरी मारामारी इथेच सुरू होते.

एक हिशेब करून बघू. मुलीने सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, बाजरी, ६० ग्रॅम. सॉफ्टवेअर आपल्या पोटातला तक्ता बघतं, १०० ग्रॅमचा आकडा घेतं आणि त्यावरून ६० ग्रॅमचा काढतं. जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम बाजरीत ८ मिलिग्रॅम लोह होतं, म्हणजे ६० ग्रॅममध्ये ४.८. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या ६ विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे नवे तक्ते काढले. त्यात बाजरीचं लोह आहे साधारण ६.४, म्हणजे ६० ग्रॅममध्ये ३.९ च्या आत. आवळ्याचं तर विचारूच नका. जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, नव्यात २५० च्या आसपास. याचा अर्थ आवळा एकाएकी कमजोर झाला असा लगेच काढू नका. नमुने वेगळे, मोजायची पद्धत वेगळी. पण दोन मुली दोन सॉफ्टवेअरवर एकाच जेवणाचा हिशेब करतात आणि दोन उत्तरं आणतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. एकीच्या पोटात १९७१ चा तक्ता, दुसरीच्या पोटात २०१७ चा.

गरजेचा आकडाही बदलतो. प्रौढ बाईला रोज किती लोह हवं, तर २०१० ची शिफारस २१ मिलिग्रॅम होती. २०२० ची २९ आहे. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर 'पुरेसं आहे' म्हणून हिरवा दिवा दाखवेल त्या ताटावर नवं लाल दाखवेल. तेव्हा लेकीला एवढंच विचारायला शिकवा, की बाई, तुझ्या या ॲपमधला तक्ता कुठल्या सालचा? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

दुसरी अडचण वाटीची. तक्ता ग्रॅममध्ये बोलतो, आपण वाटी, ओंजळ, चिमूट, पळीत बोलतो. शहरातल्या प्रयोगशाळेतली वाटी आणि आपल्या भांड्याच्या दुकानातली वाटी एक नाही. शिवाय तक्त्यातला आकडा बहुतेक वेळा कच्च्या पदार्थाचा, आणि तोही खाण्याजोग्या भागाचा. शेवग्याच्या शेंगेतला गर धरायचा, साल नाही. वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे घरागणिक वेगळं. हे जे सॉफ्टवेअर विचारतच नाही, ते कितीही झगमगीत असलं तरी आमच्या मते अर्धवट आहे.

आणि नुसती बेरीजही पुरत नाही. भाकरी-पालेभाजीतलं लोह अंगाला लागायला सोबत लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काहीतरी लागतं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते लोह कमी लागतं. बेरीज दोन्ही वेळा तीच येते, पण अंगात जातं ते वेगळं. ज्या धड्यात हे कळतं, त्याला आम्ही धडा म्हणू.

हे एवढं ताणून का सांगतो आहोत, ते आता ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्तक्षय असलेल्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्के झालं. याच काळात ॲप वाढले, पाठ वाढले, फोन घराघरात आले. रक्त वाढलं नाही. याचा सगळा दोष धड्यांवर टाकता येणार नाही. ताटात पडायला भाजी घरात यावी लागते, भाजीला पैसे लागतात, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत कुठलंही सॉफ्टवेअर मोडू शकत नाही. पण धडा कुणापर्यंत पोहोचतो, कुठल्या भाषेत पोहोचतो, हे तरी बघायलाच हवं.

भाषेचं बघा. कॉलेजच्या मुलींसाठीचे बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. २०२१ मध्ये अंगणवाडीसाठी 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखा अडकतो आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. बातम्यांत ते 'आंदोलन' म्हणून आलं. आम्हाला त्यात शिकण्या-शिकवण्याचा एक साधा प्रश्नही दिसला. गावाला पोषण जिने समजावून सांगायचं, तिच्याच हातात तिला न कळणाऱ्या भाषेचं यंत्र द्यायचं, हे कसं?

याउलट एक चांगलं कामही सांगायला हवं. मुंबईच्या आयआयटीत २००९ च्या सुमारास प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प सुरू झाला. मूळ विषय कॉम्प्युटरचा. साधारण १० मिनिटांची एक चित्रफीत, बघत बघत आपण करायचं, आणि आवाज आपल्या भाषेत. पुढे याच पद्धतीने डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली आरोग्य आणि पोषणाचे धडे तयार झाले. बाळाला अंगावर पाजताना कसं धरायचं, ६ महिन्यांच्या बाळाला पहिलं काय भरवायचं आणि ते कसं शिजवायचं, प्रथिनं जास्त असलेले पदार्थ कुठले, असे विषय. मराठीसह अनेक भाषांत ते आहेत.

त्यांच्या कामाच्या पद्धतीत आम्हाला सगळ्यांत आवडलं ते हे. धड्याचा मजकूर तयार झाला की तो फक्त तज्ज्ञाला दाखवत नाहीत, विषयातलं काही माहीत नसलेल्या नवख्या माणसालाही देतात. त्याला जिथे कळलं नाही तिथे धडा बदलायचा. पुण्याच्या पोस्टकार्डाचीच ही नवी तऱ्हा म्हणायची. शिकणारा आधी बोलतो आणि मग शिकवणारा आपलं वाक्य सुधारतो.

सरकारने २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी दिली, त्याचाही इथे उल्लेख करायला हवा. २००८ मध्ये तेलंगणातल्या दलित बायांनी 'संघम रेडिओ' सुरू केला, त्यावर ज्वारी-बाजरी-नाचणीच्या आणि रानभाज्यांच्या गोष्टी त्या स्वतः सांगतात. आपल्याकडे म्हसवडला त्याच साली 'माणदेशी तरंग' सुरू झाला. या केंद्रांवरून बोलतात त्या बायांना आकडे पाठ नसतात, पण कुठली भाजी कधी येते, कशी निवडायची, कुठल्या भाजीला आधी उकळून पाणी टाकावं लागतं, हे त्यांच्या तोंडी असतं. ५२८ पदार्थांच्या तक्त्यात आपल्या बांधावरच्या सगळ्याच रानभाज्या मावलेल्या नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी अशा बायांना बोलावलं तर धडा किती वेगळा होईल, असा विचार आमच्या मनात येतो.

तर पुढच्या गटबैठकीचं काम ऐका. आपापल्या घरची रोजची वाटी घेऊन या. किराणा दुकानातला वजनकाटा आम्ही मागून ठेवू. कच्ची डाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि निवडलेली पालेभाजी, एवढं प्रत्येकीने आपल्या वाटीने मोजायचं आणि किती ग्रॅम भरलं ते लिहायचं. शिकणाऱ्या मुलींनी वही आणि फोन दोन्ही आणा. जे ॲप वापरता त्यातला तक्ता २०१७ चा आहे की आधीचा, ते सगळ्यांसमोर उघडून बघू. 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठी धडे फुकट उतरवून घेता येतात. ज्यांच्या वाडीत नेट लागत नाही त्यांनी पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आणा, केंद्रावरून भरून देऊ. पहिला धडा ६ महिन्यांच्या बाळाच्या जेवणाचा लावणार आहोत. तो झाला की पडदा बंद करून गोल बसायचं, आणि जे पटलं नाही ते बोलायचं. प्रश्न लिहून घ्यायला एक जण लागेल. ज्यांचं अक्षर सुवाच्य आहे त्यांनी आधीच नाव द्या.